सांबऱ्याच्या धावपट्टीवर झोतांचा वारा: शिकाऊ वैमानिकाने लहान विमान कसं उतरवायचं

फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, असताना टॉवर सांगतो, "विंड २२० डिग्री, १४ नॉट, गस्टिंग २४." म्हणजे वारा २२० अंशांवरून, वेग १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), झोत २४ चे. समोर सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी २६ आहे, म्हणजे तिची दिशा साधारण २६० अंश. शिकाऊ वैमानिकाचा कान यातला १४ पकडतो आणि २४ सोडून देतो. अपघाताची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते, जमिनीला चाक लागण्याच्या बरीच आधी.

हिशेब करून बघा. धावपट्टी आणि वारा यांच्यात ४० अंशांचा कोन आहे. या कोनाला वाऱ्याचा ०.६४ भाग आडवा येतो. १४ नॉटला तो ९ नॉट भरतो, २४ ला साडेपंधराच्या जवळ जातो. सेसना १७२एस या लहान विमानाच्या हँडबुकात दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉट आहे, त्याहून लहान १५२ चा १२. म्हणजे एकाच बातमीतला एक आकडा आरामाचा आणि दुसरा हँडबुकाच्या पलीकडचा. चाक टेकतं त्या क्षणी यातला कोणता वारा वाट्याला येईल ते कुणाच्याच हातात नसतं, म्हणून आडव्या वाऱ्याचा हिशेब कायम झोताच्या आकड्यावर करायचा.

कॉकपिटमध्ये कागद काढायला वेळ नसतो. घड्याळाची मिनिटं लक्षात ठेवा: १५ अंशांचा कोन असेल तर पाव वारा आडवा, ३० ला अर्धा, ४५ ला पाऊण, ६० आणि त्यापुढे सगळाच. पाऊण धरल्याने उत्तर थोडं जास्त येतं, ते सुरक्षित बाजूला असल्यामुळे चालतं.

हँडबुकातला तो १५ चा आकडा कायद्याची मर्यादा नाही. कंपनीच्या चाचणी वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. पण पंचवीस-तीस तासांच्या विद्यार्थ्याने तो स्वतःचा आकडा समजू नये. सोलोची, म्हणजे एकट्याने उडण्याची, मर्यादा तुमच्या शाळेच्या मॅन्युअलात वेगळी लिहिलेली असते आणि ती बरीच खालची असते. ती पाठ हवी, आणि इन्स्ट्रक्टरने सहीबरोबर त्याहून कमी आकडा सांगितला असेल तर तोच खरा.

निघण्याआधी वारा वाचणं

मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, २४०१२जी२२केटी असं लिहिलेलं असतं: २४० अंशांवरून १२ नॉट, झोत २२ चे. इथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. सरासरीपेक्षा झोत १० नॉट किंवा त्याहून जास्त असेल तेव्हाच मेटारमध्ये तो जी छापला जातो. म्हणून जी नाही याचा अर्थ वारा स्थिर आहे असा होत नाही. १२ चा वारा २१ पर्यंत उसळत असला तरी मेटार साधा १२ च दाखवेल. शिवाय मेटारचा वारा दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो, टॉवर उतरताना देतो तो दोन मिनिटांच्या. मेटारची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात आणि टॉवरची चुंबकीय उत्तरेपासून. बेळगावात हा फरक जेमतेम अंशभर आहे, त्यामुळे तो सोडून दिला तरी बिघडत नाही.

मेटार वाचून झाला की बाहेर या आणि विंडसॉककडे (वारा दाखवणारी कापडी नळी) दोन मिनिटं नीट बघा, घड्याळ लावून. पूर्ण ताठ झालेला सॉक म्हणजे साधारण १५ नॉट किंवा जास्त. आता तो ताठ झाल्यावर किती सेकंदांनी खाली पडतो ते मोजा. ओल्या सदऱ्याच्या बाहीसारखा लोंबला आणि पुन्हा एका झटक्यात आडवा झाला, तर फायनलवर तुमचा एअरस्पीडचा काटा तसाच नाचणार आहे. सॉकची शेपटी किती डावी-उजवी फिरते तेही बघा. ती दोन मिनिटांत ४० अंश फिरत असेल तर आडव्या वाऱ्याचा कुठलाही हिशेब कच्चा समजावा आणि त्या दिवशी सोलो टाळावा.

बेळगावच्या वाऱ्याला आपले ऋतू आहेत. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी पूर्वेकडचा शांत वारा असतो, धावपट्टी ०८ वापरात येते, आणि पहिल्या सोलोला याहून चांगले दिवस नाहीत. मार्चपासून ऊन चढलं की नांगरलेली तांबडी-काळी रानं तापतात आणि शेजारचा पाणी पाजलेला ऊस गार राहतो. फायनलवर तापल्या रानावरून विमान उचललं जातं, उसावर आलं की बसतं. सकाळी अकरानंतर हे जोरात सुरू होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून, सह्याद्री ओलांडून येतो. जांबोटी-चोर्ल्याच्या डोंगरांवरून घुसळून आलेला हा वारा दिवसभर दमदार आणि तुटक असतो.

एप्रिल-मेमधल्या वळवाचं मात्र वेगळं आहे. ढगाखालून सुटलेली थंड हवा पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते. धुळीची रेघ उठलेली दिसली, झाडं एका बाजूला वाकलेली दिसली, की पाच मिनिटांत वाऱ्याची दिशा पूर्ण उलटू शकते. पश्चिमेचा १० नॉट असलेला वारा पूर्वेचा ३० होणं या दिवसांत नवलाचं नाही. ढगाच्या आधी पोचतो म्हणून घाई करत फायनलवर येऊ नये. एका बाजूला थांबून वीस-तीस मिनिटं घिरट्या घालाव्यात, आणि त्यासाठी टाकीत इंधन जास्तीचं ठेवावं.

दुसऱ्या विमानतळावर जाण्याचा विचार करत असाल तर नकाशा आधी बघा. हुबळीची धावपट्टीही ०८/२६ आहे आणि कोल्हापूरची ०७/२५. तिन्हींचा रोख जवळजवळ एकच. बेळगावात वारा दक्षिणेकडून आडवा झोंबत असेल आणि तिकडेही तोच वारा असेल, तर जाऊन कोन बदलणार नाही. जाण्यापूर्वी तिकडचा वारा विचारूनच घ्या.

अडीच हजार फुटांचा परिणाम

सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच आहे. या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश सेल्सिअस मानतात. मे महिन्यात ३६ अंश असताना फरक २६ अंशांचा, आणि दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर घनता-उंची (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,६०० फुटांच्या आसपास जाते. काट्यावर ६५ नॉट दिसत असताना हवेतला खरा वेग ७० पेक्षा थोडा जास्त असतो. धावपट्टी पायाखालून नेहमीपेक्षा भरभर सरकते, आणि विद्यार्थ्याला वाटतं की वेग जास्त झाला. तो नाक वर करतो, काटा ५५ वर येतो, आणि नेमका तेव्हा झोत ओसरतो. डोळ्याला काहीही वाटलं तरी वेग काट्यावरूनच ठरवायचा. याच हवेत गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, चढण्याचा दमही कमी असतो, म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागतो.

वेग किती वाढवायचा

झोत आणि सरासरी यांच्यातला फरक काढा आणि त्याचा निम्मा वेगात मिळवा. १४ गस्टिंग २४ ला फरक १०, निम्मा ५. नेहमी ६५ नॉटने येत असाल तर आज ७०. याहून जास्त नको.

नवीन माणूस भीतीपोटी ७५-८० ने येतो. ७५ नॉटला विमानात ६५ पेक्षा एक तृतीयांश जास्त ऊर्जा असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ही ऊर्जा जिरेपर्यंत विमान जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत राहतं, आणि तरंगणारं विमान झोताच्या तावडीत सगळ्यात जास्त वेळ राहतं. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर लांब आहे. १७२ ला ती मुबलक आहे, त्यामुळे थोडं तरंगल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तरंगणं सहन न होऊन विमान जबरदस्तीने खाली दाबल्यामुळे. नाकाचं चाक आधी टेकतं, सगळा भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात आणि विमान हातगाडीसारखं पुढच्या चाकावर फिरू लागतं. पहिल्या सोलोत हे जास्त घडतं. इन्स्ट्रक्टर उतरलेला असतो, सत्तर-ऐंशी किलो वजन कमी झालेलं असतं, आणि विमान रोजच्यापेक्षा लांब तरंगतं. हे आधीच सांगून ठेवलं नसेल तर विद्यार्थी गोंधळतो.

फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची खाली उतरणारी पाती, कमी ठेवा. आडव्या जोरदार वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला पुरतील एवढेच फ्लॅप वापरावेत असं सेसनाचं हँडबुक सांगतं, आणि सांबऱ्यावर १० किंवा २० अंश पुरतात. ३० अंशांवर विमान जास्त ओढ खातं आणि गो-अराउंडला थ्रॉटलपाठोपाठ फ्लॅप वर घेण्याचं काम येऊन बसतं. १७२ मध्ये २० अंशांपुढे फ्लॅप असताना पूर्ण रडर (पायाने चालणारं शेपटीचं उभं पातं) देऊन साइडस्लिप केली, म्हणजे विमान तिरकं घसरू दिलं, तर एलिव्हेटर (शेपटीचं आडवं पातं) थोडा थरथरू शकतो. विमान ताब्यातच असतं, पण नवख्याला ते दचकवतं.

बेसवरून फायनलवर वळताना

डाव्या हाताचं सर्किट (उतरण्याआधी धावपट्टीभोवतीचा चौकोनी फेरा) असेल तर धावपट्टी २६ साठी तुम्ही दक्षिणेकडून बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या बाजूवर, येता आणि नैऋत्येचा वारा पाठीमागून ढकलत असतो. वरच्या उदाहरणात तो ९ नॉट पाठीवर बसतो. बेस भुर्रकन संपतो आणि फायनलची रेघ ओलांडून विमान उत्तरेला जातं. इथे हात आपोआप चुकीचं काम करतात: बँक (वळताना पंखांचा कल) वाढवायला भीती वाटते म्हणून पायाने डावा रडर दाबून नाक आत ओढलं जातं, आणि स्टिक (नाक वर-खाली करणारी हातातली दांडी) मागे येते. पाचशे फुटांवर हे केलं तर विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, आतल्या पंखावर पडतं, आणि सावरायला उंची उरत नाही.

उपाय सोपा आहे. डाउनविंडवर (सर्किटची धावपट्टीला समांतर बाजू) असतानाच वारा लक्षात घेऊन बेसचं वळण लवकर धरा आणि फायनलचं वळण त्याहून लवकर. बँक ३० अंशांच्या वर नको. ३० अंशांना स्टॉलचा वेग सात टक्के वाढतो, ४५ ला एकोणीस, ६० ला एक्केचाळीस. रेघ ओलांडली गेली तर ती ओलांडू द्या, ३० अंशांनीच परत या, आणि तीनशे फुटांपर्यंत रेघेवर आला नाहीत तर वर जा.

तीनशे फुटांचा दरवाजा

अल्टिमीटरवर क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) लावलेला असेल तर सांबऱ्यावर जमिनीपासून तीनशे फूट म्हणजे काट्यावर २,८००. त्या आकड्याला स्वतःला चार प्रश्न विचारा, मोठ्याने. मधल्या रेघेवर आहे का? वेग ठरवलेल्या आकड्याच्या पाच नॉट आत-बाहेर आहे का? फ्लॅप लागलेत का? थ्रॉटल थोडा तरी उघडा आहे का? एकाचं उत्तर नाही आलं तरी गो-अराउंड. थ्रॉटलचा प्रश्न यादीत आहे कारण झोतांच्या वाऱ्यात थ्रॉटल पूर्ण मागे ओढून येणं धोक्याचं असतं. ७० नॉटवर असताना समोरचा वारा २० वरून १० ला आला की काटा सरळ ६० वर पडतो. पॉवर आधीच लागलेली असेल तर ती लगेच वाढवता येते. जमिनीजवळ घर्षणामुळे वारा मंदावतोच, त्यामुळे शेवटच्या पन्नास फुटांत असा खड्डा येणार हे धरूनच चला.

फायनलवर नाक वाऱ्याकडे, या उदाहरणात डावीकडे, सात-आठ अंश वळलेलं राहील. हा क्रॅब आहे, यात पंख सपाट असतात आणि विमान रेघेवर सरळ सरकतं. झोतागणिक एलेरॉनशी (पंख वर-खाली कलवणारी पाती) झुंजू नका. विमान उडून उडून स्वतःच बरंचसं सावरतं. तुम्ही सरासरी धरा.

फ्लेअर आणि चाक टेकणं

दहा-पंधरा फुटांवर उजवा रडर देऊन नाक धावपट्टीच्या रेघेशी सरळ करा आणि त्याच वेळी डावा एलेरॉन देऊन डावा पंख थोडा खाली घ्या. पायाचं काम नाक सरळ ठेवणं, हाताचं काम विमान रेघेवर ठेवणं. दोन्ही कामं एकमेकांत मिसळू देऊ नका. विमान उजवीकडे घसरत असेल तर पंख अजून खाली, नाक वळत असेल तर पाय. पूर्ण उजवा रडर देऊनही नाक सरळ होत नसेल, तर तुमच्या विमानाच्या ताकदीपेक्षा वारा जास्त आहे. याहून स्पष्ट इशारा मिळत नाही. थ्रॉटल पुढे करून वर जा.

नजर धावपट्टीच्या शेवटाकडे हवी. नाकासमोर जवळ बघितलं की फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उंचावर होतो. ४५ मीटर रुंदीची धावपट्टीही हाच खेळ करते: अरुंद पट्टीवर शिकून आलेल्याला इथे आपण आहोत त्यापेक्षा खाली आलोय असं वाटतं, आणि तो दहा फूट आधीच नाक उचलतो. वरून झोत ओसरला की विमान धपकन पडतं.

टेकण्याचा क्रम असा: आधी वाऱ्याकडचं डावं चाक, मग उजवं, मग नाकाचं. एका चाकावर टेकल्यासारखं वाटलं की नवखा घाबरून पंख सपाट करतो. तसं करू नका, एका चाकावर टेकणं हेच बरोबर आहे. पाईपर चेरोकीच्या घराण्यातल्या विमानांत नाकाचं चाक रडर पेडलला थेट जोडलेलं असतं, त्यामुळे ते टेकण्याच्या क्षणी पाय मध्यावर आणावे लागतात, नाहीतर विमान एका बाजूला झेपावतं. १७२ मध्ये हवेत स्ट्रट (चाकाचा दबणारा पाय) पूर्ण ताणलेला असताना नाकाचं चाक सरळ अडकलेलं असतं, तिथे हा धोका कमी.

उसळी

लहान विमानांची बरीच मोडतोड इथे होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

चाकं जरा जोरात टेकतात. विमान चार फूट उसळतं. विद्यार्थ्याला समोर आकाश दिसतं, तो स्टिक पुढे ढकलतो. तेवढ्यात वेग गेलेला असतो, विमान नाक खाली घालून पडतं आणि या वेळी नाकाचं चाक आधी टेकतं. स्ट्रट दबतो, स्प्रिंगसारखा उलट फेकतो, नाक आणखी वर. विद्यार्थी आता घाबरून स्टिक मागे ओढतो, पण विमान आधीच वर निघालेलं असतं, त्यामुळे त्याचा हात विमानाच्या अर्धा ठोका मागे चालतो. दुसरी उसळी पहिल्यापेक्षा मोठी, तिसरी त्याहून मोठी. तिसऱ्या टेकणीला बहुतेक वेळा नाकाचा पाय मोडतो किंवा प्रोपेलर डांबराला लागतो. १७२ च्या प्रोपेलरचं टोक आणि जमीन यांच्यात उभ्या विमानाला फूटभरही अंतर नसतं, आणि स्ट्रट दबला की तेही जातं. नाकाचा पाय इंजिनामागच्या फायरवॉलला बसवलेला असतो, त्यामुळे पाय शाबूत दिसला तरी आतला पत्रा मुडपलेला असू शकतो. पहिल्या उसळीपासून प्रोपेलर टेकण्यापर्यंत हे सगळं पाच-सहा सेकंदांत होतं.

वाचण्याचा मार्ग पहिल्या उसळीलाच असतो. उसळी फूट-दीड फुटाची असेल तर स्टिक जिथे आहे तिथे धरा, नाक आडव्या रेषेच्या किंचित वर ठेवा, हवा तर थ्रॉटल थोडासा द्या आणि विमानाला स्वतःहून बसू द्या. पंख वाऱ्याकडे खाली राहू द्या, कारण हवेत परत गेल्याबरोबर वारा पुन्हा बाजूला ढकलायला लागतो. उसळी त्याहून मोठी असेल, नाक वाकडं असेल किंवा आता काय करावं असा प्रश्न मनात आला, तर पूर्ण थ्रॉटल. दुसरी उसळी झाली की प्रश्नच नाही, गो-अराउंड. हा नियम जमिनीवर असतानाच ठरवून ठेवायचा, कारण उसळीत विचार करायला जागा नसते.

विद्यार्थी गो-अराउंड करायला का कचरतो, हेही सांगायला हवं. मागे फायनलवर प्रवासी विमान आहे, टॉवर काय म्हणेल, इन्स्ट्रक्टर खिडकीतून बघतोय, तासाचे पैसे वाढतील. यातलं एकही कारण विमानाला ठाऊक नसतं. मागच्या प्रवासी विमानालाही गो-अराउंड येतो, आणि टॉवर ते रोज हाताळतो.

गो-अराउंड

थ्रॉटल पूर्ण पुढे, एका दमात. १५२ मध्ये कार्ब हीट (कार्ब्युरेटरची गरम हवा) बंद. लगेच उजवा पाय, कारण पॉवर आली की नाक डावीकडे ओढलं जातं, आणि वाराही डावीकडचाच असेल तर ते दुप्पट जाणवतं. उतरण्यासाठी ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी सोय) मागे केलेली असते, त्यामुळे पॉवरबरोबर नाक उसळून वर जाऊ पाहतं. तळहाताने ते दाबून धरा. मनगटाला चांगलाच जोर लागतो, आणि ज्याने हे कधी केलेलं नाही त्याला तो जोर अनपेक्षित असतो. नाक सोडलं तर विमान जमिनीच्या वीस फुटांवर स्टॉल होतं.

फ्लॅप ३० असतील तर २० वर. सगळे एकदम घेऊ नका, विमान खाली बसेल. ६० नॉट येऊ द्या, काटा चढता आहे याची खात्री करा, झाडं-इमारती ओलांडल्या की १०, आणि सुरक्षित उंचीवर वेग वाढल्यावर शून्य. चाकं पुन्हा जमिनीला लागली तरी दचकू नका, नाक तसंच धरा. वारा बाजूला ढकलत असेल तर जमिनीपासून सुटल्यावर पुन्हा क्रॅब. टॉवरला सांगणं सगळ्यात शेवटी, दोनशे फुटांवर सांगितलं तरी चालतं.

एकाच वाऱ्यात तीन वेळा गो-अराउंड करावा लागला तर चौथा प्रयत्न करू नका. दूर जाऊन थांबा, टॉवरला वाऱ्याची विचारणा करत राहा. दुपारचा वारा संध्याकाळी पाचनंतर पुष्कळदा पडतो.

चाकं टेकल्यावर

चाकं टेकली की विद्यार्थी सुटकेचा श्वास सोडतो आणि हात सैल सोडतो. विमान मात्र ५० नॉटवर धावत असतं आणि पंखांना अजून उचल असते. शेपटीवर वारा बसतो आणि नाक वाऱ्याकडे फिरू पाहतं. धावपट्टीवरून बाजूच्या गवतात जाणारी विमानं बहुधा याच टप्प्यात जातात.

म्हणून टेकल्यापासून डावा एलेरॉन कमी करायचा नाही. वेग जसा उतरेल तसा तो वाढवत न्या, शेवटी पूर्ण डावीकडे. वेग कमी झाला की एलेरॉनचा जोर कमी होतो, वारा मात्र तेवढाच असतो. नाक पायाने सरळ, स्टिक मागे. ब्रेक हलके, दोन्ही सारखे, आणि विमान सरळ धावायला लागल्यावरच. पावसाळ्यात पाणी साचलेल्या पट्टीवर चाक पाण्यावर तरंगू शकतं. तो वेग नॉटमध्ये काढायचा तर टायरच्या पीएसआय दाबाचं वर्गमूळ घेऊन नऊने गुणा: ३६ पीएसआयला ५४ नॉट. त्याच्या वर ब्रेक लावून उपयोग नाही, चाक अडकून टायर मात्र घासून जाईल.

टॅक्सी करताना वारा पुढून तिरका असेल तर एलेरॉन वाऱ्याकडे. मागून तिरका असेल तर एलेरॉन वाऱ्यापासून दूर आणि स्टिक पुढे. १७२ चा पंख वर असल्यामुळे मागून शिरलेला झोत त्याला सहज उचलतो, आणि ७५७ किलोच्या १५२ ला तर आणखीच. वळताना माणसाच्या चालीने वळा. हे जागेवर उभं राहीपर्यंत, चॉक (चाकाची पाचर) लागेपर्यंत आणि दोर बांधेपर्यंत चालू राहतं. दोर दोन्ही पंखांना आणि शेपटीच्या कडीला, कंट्रोल लॉक लावून.

सराव कसा करावा

इन्स्ट्रक्टर बरोबर असताना आणि टॉवरने परवानगी दिल्यावर, आडव्या वाऱ्यात दहा फुटांवरून धावपट्टीच्या बाजूने न टेकता उडत जा. ६० नॉट भूवेगाने २,००० मीटर ओलांडायला मिनिटभर लागतं. तेवढ्या वेळात पंख खाली-पाय सरळ हे एवढं काम हातांना कळतं, जे दहा लँडिंगमध्येही कळत नाही, कारण लँडिंगच्या फ्लेअरमध्ये तीन-चार सेकंदच मिळतात. दुसरा सराव गो-अराउंडचा. तो फायनलच्या उंचीवर तर कराच, पण फ्लेअरमधून, ट्रिम उतरण्याला लावलेली ठेवून, इन्स्ट्रक्टरने अचानक सांगितल्यावर करा. सोलोला पाठवण्याआधी असे पाच-सहा तरी झालेले हवेत.

जोरात आदळलं तर

इंजिन चालू आहे, विमान सरळ उभं आहे, म्हणून लगेच पुढचं सर्किट करू नका. रेडिओवर १२१.५ ऐका, आदळण्याने ईएलटी (अपघाताचा इशारा देणारं रेडिओ यंत्र) सुरू झाला असेल तर तिथे तो ऐकू येतो. विमान बंद करून खाली उतरा. प्रोपेलरच्या टोकांना चरे आहेत का, नाकाच्या स्ट्रटमधून तेल गळतंय का, टायरला सपाट डाग पडलाय का, फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती आहे का, कोपऱ्यातले रिव्हेट सैल झाल्यासारखे दिसतात का ते बघा. काहीही दिसलं नाही तरी टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोषांची नोंदवही) लिहा आणि इंजिनिअरला दाखवा. विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलात जोरात आदळल्यानंतरची तपासणी वेगळी दिलेली असते आणि ती तुमच्या डोळ्यांनी होत नाही. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर नुसतं पातं बदलून भागत नाही, इंजिन उघडून क्रँकशाफ्टपर्यंत तपासणी करावी लागते. विमान धावपट्टीवर मोडून पडलं असेल तर माणसांना बाहेर काढण्यासाठी लागेल तेवढंच हलवावं, बाकी परवानगी मिळेपर्यंत हात लावू नये. स्विच कुठल्या स्थितीत होते, फ्लॅप किती होते, ट्रिम कुठे होती, आणि टॉवरने वारा काय सांगितला होता ते त्याच दिवशी, त्याच तासात लिहून ठेवा.